गाडीचं ॲव्हरेज का पडलं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

"कंपनी बावीस सांगते, माझी चौदाच देते." पहिली गाडी घेतलेल्या माणसाची ही तक्रार आमच्याकडे कट्ट्यावर हमखास ऐकू येते. मग कोणी सांगतं पंप बदल, कोणी सांगतं एअर फिल्टर बदल, कोणी इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) साफ करायला पाठवतं. फिटरकडे जाऊन नुसतं "ॲव्हरेज कमी आहे, बघा जरा" म्हटलं की दोन-चार पार्ट बदललेलं बिल हातात पडतं आणि गाडी पुढच्या महिन्यातही तेवढंच पेट्रोल पिते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे टाळायचं असेल तर क्रम पाळायला लागतो. आधी नीट मोजायचं. मग रस्ता आणि चालवण्याची पद्धत तपासायची, मग टायर आणि ब्रेक, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी. फुकटच्या तपासण्या आधी, पैशांच्या नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

महिन्याला हजार किलोमीटर गाडी फिरत असेल तर १८ आणि १५ या दोन आकड्यांमधला फरक महिन्याला अकरा लिटर पेट्रोलचा आहे. त्यामुळे थोडा वेळ घालवणं परवडतं.

पहिली पायरी: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विसंबू नका. तो कॉम्प्युटरचा अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा चढाच दाखवतो. पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून काटा कुठवर आला ते बघणं तर त्याहून फसवं, कारण टाकीचा आकार सरळ नसतो आणि काटा सगळीकडे सारख्या गतीने उतरत नाही.

खरी पद्धत अशी. नेहमीच्या पंपावर जा, शक्यतो त्याच मशीनवर, गाडी सपाट जागी उभी करा. टाकी फुल्ल करायला सांगा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबा. ट्रिप मीटर शून्यावर आणा किंवा किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. टाकी पाव राहिली की परत त्याच पंपावर, त्याच पद्धतीने, पहिल्या कट-ऑफला थांबून फुल्ल करा. समजा पहिल्यांदा मीटर ४१,२६० होतं, आता ४१,६७४ आहे आणि टाकीत २३ लिटर बसलं. म्हणजे ४१४ भागिले २३, बरोबर १८.

थोडं पेट्रोल टाकून हा हिशोब करू नका. कट-ऑफच्या ठिकाणी अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. दहा लिटरच्या हिशोबात अर्धा लिटर म्हणजे पाच टक्के चूक. तीस लिटरमध्ये तीच चूक दोन टक्क्यांच्या आत येते. एका टाकीवर निकालही लावू नका. निदान तीन टाक्यांचे आकडे वहीत लिहा आणि शेजारी दोन शब्द टाका: गावातच फिरलो, कोल्हापूरला जाऊन आलो, एसी रोज होता. ही शेजारची टीपच पुढे कामाला येते.

पंपावरचा पोरगा "साहेब, राउंड फिगर करू का?" म्हणेल. करू देऊ नका. कट-ऑफनंतर दाबून भरलेलं पेट्रोल टाकीतल्या वाफेसाठी सोडलेल्या जागेत जातं आणि तिथून वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरू शकतं. तो डबा भिजला की वेगळंच दुखणं मागे लागतं. याच वाफेच्या जागेमुळे आणखी एक भांडण होतं. कंपनीने टाकी ४३ लिटरची सांगितली आणि बसलं ४५, म्हणजे पंपवाल्याने फसवलं, असं लोक धरतात. पुस्तकातली क्षमता वापराची असते. गळ्यापर्यंत भरलं तर त्याहून जास्त बसतं. एवढ्यावरून पंपावर आरोप करता येत नाही.

पंपावर संशय असेलच तर सरळ मार्ग आहे. प्रत्येक पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मापून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर वजन-मापे खात्याकडे तक्रार करता येते. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागा. थेंब टाकला की शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. शांतपणे मागा, तो तुमचा हक्क आहे.

टायर मोठे टाकले असतील तर एक गोष्ट इथेच तपासून घ्या. टायरचा घेर तीन टक्क्यांनी वाढला की गाडी १०० किलोमीटर जाते आणि मीटर ९७ दाखवतं. ॲव्हरेज पडलेलं दिसतं, पण कमी पडलेलं असतं मीटर. हायवेला निघालात की फोनचा जीपीएस लावून वीस-पंचवीस किलोमीटर ताडून बघा.

हातात आलेला आकडा कशाशी ताडायचा?

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या चक्राप्रमाणे पळवतात. ते चक्र वीस मिनिटांच्या आत संपतं, त्यात सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो आणि जास्तीत जास्त ९०. त्यात ना खडे बाजारची गर्दी, ना वंटमुरी घाट, ना मागच्या सीटवर बसलेली चार माणसं. सगळ्या गाड्या एकाच तराजूत तोलण्यासाठी तो आकडा उपयोगी आहे. तुमच्या रस्त्यावर तो मिळेल असं कोणी धरू नये. गावात त्याच्या साठ-सत्तर टक्के आणि हायवेला ऐंशी-नव्वद टक्के मिळत असेल तर गाडी ठणठणीत आहे असं मी समजतो. नवी गाडी असेल तर पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत आकडा थोडा कमीच राहतो, त्याने घाबरू नका.

खरी तुलना आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी. गेल्या वर्षी याच रस्त्यावर १७ देणारी गाडी आज १४ देते, तर शोधायला लागा. आणि आकडा हळूहळू उतरला की एकदम पडला, हे वहीत बघा. एकदम पडला असेल तर त्या सुमाराला काय घडलं ते आठवा: सर्व्हिसिंग, टायर बदल, पावसात उभी राहिलेली गाडी, नवीन ऑफिस, नवा रस्ता. नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं.

दुसरी पायरी: आपला रस्ता ओळखा

आपला भाग गाडीला सोपा नाही. टिळकवाडीत राहायचं आणि कॅम्पात नोकरी, म्हणजे रोजचं अंतर तीन-चार किलोमीटर. इंजिन तापायच्या आत ऑफिस येतं. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो, ते त्याचं कामच आहे. त्यातून रेल्वे गेट पडलं की इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. छोटी पेट्रोल गाडी नुसती उभी असताना तासाला अर्धा ते एक लिटर खाते, एसी चालू असेल तर वरच्या अंगाला. अशा वापरात २० देणारी गाडी ११-१२ वर येते आणि तिच्यात काहीही बिघाड नसतो. डिसेंबर-जानेवारीतल्या आमच्या सकाळच्या थंडीत आणखी थोडी खाली. गेट पडलेलं दिसलं की इंजिन बंद करा. दोन फेऱ्यांची कामं एका फेरीत करा, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी इंजिन गरमच असतं. एवढ्यानेही आकडा हलतो.

हायवेचा प्रश्न वेगळा, तिथे वेग पेट्रोल खातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. संकेश्वर-निपाणीच्या रस्त्यावर ११०-१२० ने जाणारा माणूस "हायवेला तरी ॲव्हरेज मिळायला पाहिजे होतं" म्हणतो, तेव्हा मी त्याला एक टाकी ८०-८५ ने काढायला सांगतो. टपावर कॅरियर असेल तर तो या अडथळ्यात भर घालतो. काम नसताना काढून ठेवा.

आता गोव्याचं. इथे आमच्या भागातले लोक हमखास चकतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, पणजी समुद्रालगत. शनिवारी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गेलात, तिथे टाकी फुल्ल केलीत आणि रविवारी घाट चढून बेळगावला येऊन पुन्हा फुल्ल केलीत, तर आकडा भयंकर दिसणार. माणसं-सामान धरून बाराशे किलोची गाडी ७५० मीटर वर उचलायलाच, इंजिनाची कार्यक्षमता धरली तर, साधारण एक लिटर पेट्रोल जादा लागतं. एरवी १८ देणारी गाडी त्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या परतीच्या वाटेवर साडेपंधरा देते. दोष गाडीचा नाही, घाटाचा आहे. जाताना तीच गाडी २० च्या वर दाखवते आणि माणूस खुश होतो, तोही तितकाच फसलेला असतो. गोव्याचा हिशोब नेहमी बेळगाव ते बेळगाव करा. रामनगर-अनमोडवरून गेलात तरी हेच, आणि आंबोलीवरून सावंतवाडीला उतरलात तरी हेच.

घाटाचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो: उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. "न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं" हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं ज्ञान आजही बाप पोराला शिकवतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल तर कॉम्प्युटर इंजेक्टर पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलला जास्त खर्च आणि वर सगळा भार ब्रेकवर. चोर्ल्याच्या वळणांवर ब्रेक तापून ढिले पडले तर काय होतं ते सांगायला नको. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

मधेच पेट्रोलबद्दल

गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांचा आकडा थोडा उतरला, त्याचं एक कारण पेट्रोलमध्येच आहे. पूर्वी १० टक्के इथेनॉल असायचं, आता २० टक्के आहे. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच चिकोडी-हुक्केरी-गोकाक पट्ट्यातल्या उसापासून होतं, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चांगली गोष्ट आहे. पण लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. त्यामुळे १० चं २० टक्के झालं की लिटरमधली ऊर्जा तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. १८ देणारी गाडी १७.४ वर येईल एवढाच हा फरक. तुमचा आकडा १८ वरून १४ वर आला असेल आणि तुम्ही सगळं खापर इथेनॉलवर फोडत असाल, तर वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. बाकीचे तीन-साडेतीन किलोमीटर दुसरीकडे शोधायला लागतील.

एक काळजी मात्र घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात दोन-दोन महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका.

सीमेवर राहणाऱ्यांना राज्याराज्यातल्या भावातला फरक पाठ असतो. शिनोळीचा माणूस बेळगावात आणि बेळगावचा माणूस गोव्यात टाकी भरतो. भरा, पण वहीत लिटर लिहा, रुपये लिहू नका. रुपयांत हिशोब ठेवणाऱ्याला भाव बदलला की ॲव्हरेज बदलल्यासारखं वाटतं.

तिसरी पायरी: टायर

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत इथे फार जणांची होते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा लिहिलेला असतो: पुढे किती, मागे किती, पूर्ण लोड असेल तर किती. हवा भरणाऱ्याने "सगळीकडे तीस टाकतो" म्हटलं तरी स्टिकर बघूनच सांगा. हवा थंड टायरला मोजायची, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या दुकानात. धावून तापलेल्या टायरला तीन-चार पॉइंट जास्त दिसतात आणि माणूस समजतो हवा ठीक आहे. महिन्याला एक-दोन पॉइंट हवा आपोआप उतरते. सहा महिने न बघितलेल्या गाडीत आठ-दहा पॉइंट कमी असणं अगदी नेहमीचं आहे. त्याने पेट्रोल तर जातंच, टायरच्या दोन्ही कडा झिजतात आणि हायवेला टायर तापून फुटण्याची भीती वेगळीच. ॲव्हरेजच्या नादात ठरल्यापेक्षा खूप जास्त हवाही भरू नका. पावसात पकड सुटते.

टायरवर हात फिरवा. एकाच बाजूची कड झिजून धारदार लागत असेल तर अलाइनमेंट गेलं आहे. खानापूरकडच्या खड्ड्यांत एखादं चाक आदळल्यावर हे होतंच. चाकं किंचित तिरकी घासत चालतात आणि इंजिनाला ती जास्तीची ओढ सोसावी लागते.

चौथी पायरी: धरलेला ब्रेक

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याकडे, आणि आमच्या पावसात हे सगळ्यात जास्त होतं. माझ्या आत्येभावाची गाडी खानापूरला असते. पावसाळा संपल्यावर तिचं ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलं. प्लग झाले, फिल्टर झाला, फरक नाही. मी गेलो तेव्हा आम्ही काहीही न उघडता गाडी बेळगावच्या दिशेने दहा-बारा किलोमीटर नेली, मोकळा रस्ता बघून, ब्रेक अगदी कमी वापरत. थांबलो ते इंजिन ब्रेकवर, म्हणजे गिअर उतरवत, हळूहळू. उतरून एकेका चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली. मागचं उजवं कोमट. मागचं डावं इतकं तापलेलं की व्हील कपपासून वितभर अंतरावरही झळ लागत होती आणि भाजल्यासारखा वास येत होता. तिथेच जॅकवर चाक उचललं. उजवं चाक हाताने ढकललं की दोन-तीन फेरे फिरायचं. डावं जोर लावूनही जेमतेम अर्धा फेरा. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती, लिव्हर खाली केला तरी ब्रेकचे शू ड्रमला धरूनच राहत होते. ब्रेक लावून सायकल हाणावी तसं ते इंजिन चार महिने राबत होतं. केबल बदलली, ड्रम साफ केला, आणि पुढच्या दोन टाक्यांत आकडा सतराच्या जवळ आला.

तुम्हीही हेच करा. चाकाच्या डिस्कला किंवा ड्रमला बोट लावू नका, भाजेल. हात नुसता जवळ न्या. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापतात, त्यामुळे तुलना नेहमी डाव्याची उजव्याशी. जॅक लावताना जमीन सपाट आणि टणक हवी, बाकीच्या चाकांना पुढे-मागे दगड हवेत, आणि गाडीखाली अंग घालायचं नाही. दुसरी सोपी चाचणी सांबरा रस्त्यासारख्या सपाट पट्ट्यावर पहाटे करता येते: मागे-पुढे कोणी नाही हे बघून ४० च्या वेगाला क्लच दाबा आणि गाडी किती लांब जाते ते बघा. लगेच मंदावत असेल, किंवा एका बाजूला ओढत असेल, तर कुठलं तरी चाक धरतंय.

पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना वाळतात, त्यांना त्यांचंच उष्णता सोसणारं ग्रीस लागतं. सर्व्हिसिंगला ते आठवणीने सांगा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकाखाली दगड पुरतात.

पाचवी पायरी: आता बॉनेट उघडा

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करतो, कारण आमच्याकडे त्याच्यावर अन्याय होतो. हा छोटा व्हॉल्व्ह कूलंट ८०-९० अंशांच्या आसपास तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. एखादी गाडी कधी तापली की काही फिटर तो काढूनच टाकतात: "आता कधी तापणार नाही." खरंच तापत नाही, पण बेळगावच्या हवेत मग ती धड गरमही होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो. इंजिनाची झीजही वाढते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे जरूर तपासा. तापमानाचा काटा असेल तर दहा मिनिटांत तो मध्याजवळ येऊन स्थिर राहायला हवा. काटा नसेल तर चालू करताना निळा दिवा लागतो, तो चार-पाच किलोमीटरच्या आत विझायला हवा. हायवेला उतारावर निळा दिवा परत लागत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

मग प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग. साधे प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. फिटरला काढायला सांगा आणि स्वतः बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण नीट होतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. ओलसर, तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, ते मोठं काम आहे. चारपैकी तीन तपकिरी आणि एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघा. चारही बदलायची घाई नको.

एअर फिल्टरवर आमच्या लोकांचा फार जीव. कार्ब्युरेटरच्या गाडीत घाण फिल्टर खरंच पेट्रोल वाढवायचा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत येणारी हवा मोजूनच पेट्रोल दिलं जातं, त्यामुळे मळलेल्या फिल्टरने ओढ कमी होते, ॲव्हरेज फारसं पडत नाही. जांबोटीकडची तांबडी धूळ किंवा हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे खाल्लेली धूळ असेल तर वेळेआधी बदला, इंजिनासाठी ते चांगलंच. पण दोन-तीन किलोमीटरचा फरक त्यातून निघेल ही आशा धरू नका.

त्याऐवजी चेक इंजिनचा पिवळा दिवा बघा. तो लागलेला असेल आणि "चालते की गाडी" म्हणून तुम्ही फिरत असाल, तर पेट्रोल तिथेच वाया जातंय असं समजा. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटर आंधळा होतो आणि मिश्रण जाड करतो, म्हणजे पेट्रोल जास्त देतो. सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी आणि कच्च्या पेट्रोलचा वास ही त्याची खूण. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनरचं सॉकेट असतं. छोटा ब्लूटूथ स्कॅनर फोनला जोडून बिघाडाचा कोड वाचता येतो, कूलंटचं तापमान दिसतं आणि फ्युएल ट्रिम नावाचा आकडाही दिसतो, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे, असेल तर ठीक. दहाच्या पलीकडे कायम राहत असेल तर हवा, पेट्रोल किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी बिघडलंय. ट्रिम बरोबर, तापमान बरोबर, आणि तरी ॲव्हरेज कमी, तर इंजिनाला त्रास देणं थांबवा आणि परत टायर-ब्रेककडे जा.

क्लचची परीक्षा तवंदी घाटात होते. चौथ्या गिअरला चढावर ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला पण गाडीचा वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. क्लचच्या पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती आधी सोडा. इंजिन ऑइल पुस्तकातल्या ग्रेडचंच टाका. पातळ ऑइल सांगितलेल्या गाडीत जाड ऑइल टाकल्याने एक-दोन टक्के जातात. पेट्रोलचा वास सतत येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गळती शोधा, तिथे प्रश्न ॲव्हरेजचा उरत नाही, आगीचा होतो.

डिझेल आणि सीएनजी

डिझेल गाडीत प्लगच्या जागी इंजेक्टर आणि टर्बोचे पाइप येतात. चढावर काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज असेल तर टर्बोचा एखादा पाइप फाटला आहे का बघा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो मधूनमधून जादा डिझेल जाळून स्वतःला साफ करतो, आणि त्यासाठी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं गरम धावायला लागते. शहापूर ते रेल्वे स्टेशन एवढंच फिरणाऱ्या डिझेल गाडीचं हे काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, आणि डिझेल जात राहतं. आठवड्यातून एकदा तिला हत्तरगीपर्यंत हायवेला नेऊन आणा. सीएनजीचा हिशोब किलोत. पंपावरचं प्रेशर दर वेळी सारखं नसतं, म्हणून एका टाकीऐवजी पाच-सहा भरण्यांची बेरीज धरा.

गॅरेजला जाताना

एवढं करून गेलात की फिटरशी बोलणं सोपं होतं. "ॲव्हरेज कमी आहे" एवढंच म्हणू नका. असं सांगा: "मामा, मे महिन्यापर्यंत हायवेला १८ होतं, ऑगस्टपासून १४ आहे. तीन टाक्या मोजल्यात. हवा स्टिकरप्रमाणे आहे, डावी-उजवी चाकं सारखीच गरम होतात, निळा दिवा मात्र आठ-नऊ किलोमीटर विझत नाही." चांगला फिटर एवढ्यावर थेट थर्मोस्टॅटकडे हात नेतो. जो वही न बघताच इंजेक्टर क्लिनिंग आणि डीकार्बनायझेशनचं (इंजिनातली काजळी काढण्याचं) पॅकेज सांगतो, त्याला नम्रपणे थांबवा आणि कुठल्या खुणेवरून हे सांगता ते विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागा, डिकीत ठेवा. पुढच्या दोन टाक्या त्याच पंपावर, त्याच रस्त्यावर मोजा. आकडा हलला नाही तर तो जुना पार्ट आणि वही घेऊन त्याच फिटरकडे जा, आणि त्याला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत वंटमुरीपर्यंत एक फेरी मारून आणा.